सेप्सिसवरचे उपचार आपल्याच वॉर्डांत पारखायला हवेत

झांबियाची राजधानी लुसाका इथल्या विद्यापीठ रुग्णालयात झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. जंतुसंसर्ग झालेले आणि रक्तदाब खाली गेलेले २०९ प्रौढ रुग्ण तीत होते. चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन गट पाडले होते. एका गटावर श्रीमंत देशांतल्या पद्धतीवर बेतलेले सहा तासांचे शिस्तशीर उपचार झाले: सुरुवातीलाच भरभर सलाईन, तरी दाब वर येईना तर तो वाढवणारे औषध, हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर रक्त. दुसऱ्या गटातल्या रुग्णांना तिथल्या डॉक्टरांच्या अंदाजाने नेहमीचे उपचार मिळाले. शिस्तशीर उपचारांच्या गटातले ४८.१ टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले. नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण ३३ टक्के होते.

पहिल्या सहा तासांत पहिल्या गटाला साधारण साडेतीन लिटर द्रव मिळाला, दुसऱ्याला दोन लिटर. आपल्या सर्वसाधारण वॉर्डात कुणालाही रोजचा वाटावा असा हा दीड लिटरचा फरक. दर दहा रुग्णांतले जवळपास नऊ एचआयव्हीबाधित होते, बहुतेकांवर वॉर्डातच उपचार चालले होते, अतिदक्षता विभागातली खाट क्वचितच मिळत होती. ज्या देशात हे उपचार आखले गेले तिथला रुग्ण वेगळा, त्याच्या भोवतीची यंत्रणा वेगळी. कागदावरचे टप्पे तेच राहिले आणि परिणाम उलटा झाला.

माझे म्हणणे या चाचणीतूनच निघते. महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांनी सेप्सिस, शॉक (म्हणजे दाब कोसळून अवयवांना रक्त पुरेनासे होणे) आणि हृदय बंद पडल्यानंतरचे पुनरुज्जीवन या तिन्हींवरच्या साध्या, मोठ्या, तुलनात्मक चाचण्या रोजच्या उपचारांचाच भाग म्हणून करायला हव्यात, आणि त्याचा खर्च शासनाने उचलायला हवा. आज आपण बाहेरचे निष्कर्ष घेतो आणि ते आपल्या रुग्णाला लागू पडतील असे गृहीत धरून पुढे जातो. हे गृहीतक किती महाग पडते ते लुसाकात मोजले गेले. आपल्याकडे ते मोजलेच जात नाही.

सेप्सिस म्हणजे नुसता ताप किंवा ‘रक्तात इन्फेक्शन’ नव्हे. संसर्गाला शरीर जो प्रतिसाद देते तो हाताबाहेर जातो आणि त्यात मूत्रपिंड, फुप्फुसे, यकृत, मेंदू असे अवयव निकामी होऊ लागतात. २०१६ पासून जगभर हीच व्याख्या वापरतात. पुरेसे द्रव देऊनही सरासरी रक्तदाब ६५ च्या वर ठेवायला औषध लागत असेल आणि रक्तातले लॅक्टेट, म्हणजे पेशींना प्राणवायू कमी पडला की वाढणारे द्रव्य, २ मिलिमोलपेक्षा जास्त असेल, तर तो सेप्टिक शॉक. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगात सेप्सिसचे ४.८९ कोटी रुग्ण होते आणि १.१ कोटी मृत्यू झाले. त्यातले सुमारे ८५ टक्के रुग्ण विकासात मागे असलेल्या आणि मध्यम स्तरावरच्या देशांतले. ज्या चाचण्यांवर मार्गदर्शक सूचना उभ्या आहेत, त्या मात्र बहुतेक युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या.

सलाईनचाच प्रश्न जरा सविस्तर पाहू. २००१ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातल्या एका रुग्णालयातली २६३ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. पहिल्या सहा तासांत ठरावीक आकडे गाठायचे म्हणून द्रव, रक्त, औषधे आणि मानेतून घातलेली खास नळी वापरून आक्रमक उपचार केले गेले. मृत्यू ४६.५ टक्क्यांवरून ३०.५ टक्क्यांवर आले. काही वर्षांत ही पद्धत जगभर पोचली. पुढे अमेरिकेत १,३४१, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि इतर काही देशांत १,६०० आणि इंग्लंडमध्ये १,२६० रुग्णांवर तीच पद्धत तपासली, तेव्हा २०१४-१५ मध्ये कळले की नेहमीच्या चांगल्या उपचारांपेक्षा तिचा काही जास्त फायदा नाही. मधली दहा-एक वर्षे ती मार्गदर्शक सूचनांत होती.

त्या काळाने मागे ठेवलेला नियम म्हणजे किलोमागे ३० मिलिलिटर. पन्नास किलोच्या बाईला दीड लिटर, म्हणजे पाचशे मिलिलिटरच्या तीन बाटल्या, पहिल्या तीन तासांत. हा आकडा इतर आकड्यांशी तुलना करून ठरवलेला नव्हता. त्या चाचण्यांत रुग्णांना सुरुवातीला सरासरी जेवढे द्रव मिळाले होते, त्याच्या आसपासचा तो होता. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांत त्याचा दर्जा ‘ठाम शिफारशी’वरून ‘कमकुवत सुचवणी’वर आला. आपल्याकडे हा उतरलेला दर्जा फारसा कुणी वाचला नाही. आकडा तेवढा पाठ राहिला.

याच्या आधी, २०११ मध्ये, केनिया, युगांडा आणि टांझानिया इथल्या तापाने फणफणलेल्या, रक्ताभिसरण मंदावलेल्या ३,१४१ मुलांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली होती. काहींना किलोमागे २० ते ४० मिलिलिटर द्रव झपाट्याने दिले, काहींना फक्त नेहमीच्या गतीने. ४८ तासांत झपाट्याने सलाईन दिलेल्या गटातली १०.५ टक्के, अल्ब्युमिन (रक्तातल्या प्रथिनाचे द्रव) दिलेल्या गटातली १०.६ टक्के आणि न दिलेल्या गटातली ७.३ टक्के मुले दगावली. ३,६०० मुलांची योजना होती. सुरक्षा पाहणाऱ्या समितीने चाचणी आधीच थांबवली. आधी साऱ्यांना वाटले, फुप्फुसांत पाणी झाले असेल. मृत्यूंचे तपशील बारकाईने तपासल्यावर दिसले की जास्तीचे मृत्यू प्रामुख्याने रक्ताभिसरण कोलमडून झाले होते. द्रव दिल्यावर काही तास मुलाच्या हातापायांत ऊब येई, नाडी सुधारल्यासारखी वाटे. नंतर ते अचानक ढासळे. खाटेशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरला हे कधीच उमगले नसते. ज्या मुलाला सलाईनने तात्पुरते बरे वाटताना त्याने पाहिले, त्याच्या मृत्यूचे खापर तो सलाईनवर कसे फोडील? तुलना करणारा दुसरा गट होता म्हणूनच ते दिसले.

आता हेच आपल्या रुग्णांपुढे मांडून पाहा. पालघर-नंदुरबारकडची रक्तक्षय असलेली, चाळीस किलोची बाळंतीण. ऑक्टोबरात डेंग्यूने आलेला तरुण, ज्याच्या रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपतो आहे; त्याला हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणावर, नजर ठेवून तासाला किलोमागे ५ ते १० मिलिलिटर या मापाने द्रव द्यायचे असतात. हृदयाच्या झडपा संधिवाती तापाने (ऱ्हुमॅटिक फिव्हर) आकसलेली पन्नाशीची बाई. या तिघांनाही दारात एकच लेबल लागते: ‘सेप्सिस, शॉक’. यांना किलोमागे ३० मिलिलिटर तारते की मारते, याचे उत्तर डेट्रॉइटमध्ये नाही आणि इंग्लंडमध्येही नाही. अमेरिकेत १,५६३ रुग्णांवर कमी द्रव विरुद्ध जास्त द्रव अशी झालेली तुलना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, मृत्यूंत फरक पडला नाही. पण तिथल्या दोन्ही गटांत मृत्यू १४-१५ टक्केच होते. आपल्या सरकारी रुग्णालयात शॉकमध्ये आलेल्या रुग्णांचे चित्र तसे नसते, आणि जिथे व्हेंटिलेटरची खाट मिळेलच असे नाही तिथे जास्तीच्या द्रवाची किंमतही वेगळी असते.

अँटिबायोटिकचेही तसेच. शॉक असेल तर पहिल्या तासात ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’, म्हणजे अनेक जातींच्या जंतूंवर चालणारे, औषध द्या, हे बरोबरच आहे. पण कुठल्या जंतूंच्या मानाने ब्रॉड? पावसाळ्यानंतर विदर्भात स्क्रब टायफस येतो. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपास त्याची मोठी साथ होती. गवता-झुडपांतल्या किड्याच्या पिल्लांच्या चाव्यातून हा आजार होतो आणि त्याचा जंतू पेशींच्या आत राहतो. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, पिपेरॅसिलिन, मेरोपेनेम ही महागडी औषधे त्याच्यावर चालत नाहीत. त्याला लागते डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन. काखेत, जांघेत, स्तनांखाली चाव्याची काळी खपली शोधायला रुग्णाचे कपडे दूर करून उजेडात पाहावे लागते. ती सापडली नाही आणि मेरोपेनेम चालू राहिले, की रोज हजारो रुपयांचे औषध जाऊनही जंतूवर उपचार शून्य.

या आजारावरचा सर्वांत भक्कम पुरावा भारतातून आला, तो योगायोगाने नव्हे. सात भारतीय रुग्णालयांत सुमारे ८०० गंभीर रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. शिरेतून नुसते डॉक्सिसायक्लिन, नुसते ॲझिथ्रोमायसिन आणि दोन्ही एकत्र अशी ही तुलना होती. मृत्यू, सातव्या दिवशीही टिकलेली गुंतागुंत आणि पाचव्या दिवशीही न उतरलेला ताप यांपैकी काहीतरी वाट्याला आलेले रुग्ण एकेका औषधाच्या गटांत ४७-४८ टक्के होते, दोन्ही औषधे मिळालेल्यांत ३३ टक्के. मृत्यू तिन्ही गटांत जवळपास सारखे राहिले. फरक गुंतागुंतीत पडला. ही चाचणी कुठलीही परदेशी संस्था आपल्यासाठी आपणहून करायला आली नसती. लेप्टोस्पायरोसिसचा, जुलै २००५ च्या पुरानंतर ज्याने मुंबईत माणसे नेली त्याचा, असा मोठा पुरावा आपण अजून उभा केलेला नाही. कोकणपट्टीत आढळणाऱ्या मेलिऑइडोसिस या माती-पाण्यातल्या जंतूच्या आजाराचाही नाही, आणि त्याच्या जंतूवर तर जेंटामायसिन मुळातच चालत नाही.

औषधाच्या मात्रेसारखी साधी गोष्टही सीमा ओलांडताना बदलते. शॉकमध्ये दाब वाढवायला पहिले औषध नॉरॲड्रेनॅलिन. काही देश त्याची मात्रा मूळ औषधाच्या वजनात लिहितात, काही त्याच्या क्षाराच्या वजनात, आणि २ मिलिग्रॅम क्षार म्हणजे १ मिलिग्रॅम मूळ औषध. शोधनिबंधात कोणते वजन आहे आणि आपल्या हातातल्या ॲम्प्यूलवर कोणते छापले आहे हे न जुळवता आकडा उचलला, तर मात्रा दुप्पट किंवा निम्मी होते. शॉकच्या रुग्णात ही किरकोळ चूक नाही.

हृदय बंद पडल्यावरच्या उपचारांविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिथली स्थिती आणखी उघड आहे. १९६० मध्ये बंद छातीवरून हृदयाला दाब देण्याची पद्धत प्रसिद्ध झाली आणि आजही तीच सर्वांत कामाची आहे: छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, मध्ये थांबायचे नाही. दोन मिनिटांत दाबणारा थकतो आणि खोली कमी होते, हे त्याचे त्याला कळत नाही, म्हणून माणूस बदलायचा. भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने सामान्य लोकांसाठी फक्त छातीवर दाब देण्याची सोपी पद्धत आखली गेली, हे चांगलेच झाले. औषधांचे मात्र काय? ॲड्रेनॅलिन आपण दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम देतो. ब्रिटनमध्ये रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या ८,०१४ जणांवर ते निष्क्रिय औषधाशी तुलना करून पाहिले. २०१८ मध्ये कळले की तीस दिवसांनी ॲड्रेनॅलिनच्या गटातले ३.२ टक्के जिवंत होते, दुसऱ्या गटातले २.४ टक्के. पण वाचलेल्यांत मेंदूला गंभीर इजा झालेले पहिल्या गटात ३१ टक्के होते, दुसऱ्यात १७.८ टक्के. जीव थोडे जास्त वाचले, पण चांगल्या मेंदूसह वाचलेल्यांची संख्या नक्की वाढली असे म्हणता आले नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सारी देखभाल जिथे घरच्या बायका करतात, पुनर्वसनाची सरकारी सोय जवळजवळ नसते, तिथे या आकड्यांचे वजन वेगळे भरते. आपल्या राज्यात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे. तिने आणलेल्या अशा रुग्णांपैकी किती चालत घरी गेले, हे प्रत्येक जिल्ह्याने दर वर्षी छापले पाहिजे.

हृदय सुरू झाल्यावर शरीर ३३ अंशांपर्यंत थंड करण्याची पद्धत २००२ च्या दोन चाचण्यांनंतर जगभर रुजली, त्यासाठी महागडी यंत्रे विकली गेली. २०२१ मध्ये १,८०० हून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत सहा महिन्यांनी मृत्यू ५० आणि ४८ टक्के निघाले: थंड केलेल्यांत ५०, केवळ ताप चढू न दिलेल्यांत ४८. अशी यंत्रे न घेतलेल्या रुग्णालयांनी काही गमावले नव्हते.

अतिदक्षतेचा सारा इतिहास अशा माघारींनी भरलेला आहे. झिग्रिस हे सेप्सिसवरचे औषध २००१ मध्ये एका चाचणीवर मान्य झाले आणि दुसऱ्या चाचणीत फायदा न दिसल्याने २०११ मध्ये कंपनीनेच बाजारातून काढले. स्टार्चचे द्रव वर्षानुवर्षे शॉकमध्ये दिले गेले. त्याची बाजू घेणारे जर्मन संशोधक योआखिम बोल्ट यांचे कित्येक निबंध मागे घ्यावे लागले, आणि २०१२ मध्ये उत्तर युरोपातल्या ७९८ रुग्णांच्या चाचणीत ९० दिवसांनी स्टार्चच्या गटातले ५१ टक्के मृत निघाले, दुसऱ्या गटातले ४३ टक्के. जीवनसत्त्व ‘क’ चा गाजावाजा २०१७ मध्ये ४७ रुग्णांच्या अनुभवावरून झाला. २०२२ च्या ८७२ रुग्णांच्या चाचणीत ते घेणाऱ्यांची अवस्था उलट वाईट निघाली. प्रत्येक वेळी आधीच्या अभ्यासाने दिलेली आशा पुढच्या चाचणीत विरली.

आपल्याकडे ही आशा नातेवाईक रोख पैसे मोजून विकत घेतात. ‘एक इंजेक्शन आहे, महाग आहे, पण द्यायचे का बघा’ हे वाक्य आयसीयूच्या दारात ऐकलेले नाही असे कुटुंब विरळा. सेप्सिसमध्ये दिले जाणारे युलिनास्टॅटिन हे त्याचे उदाहरण. त्याची भारतातली चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, रुग्ण होते १२२. ज्यांना ठरल्याप्रमाणे पूर्ण औषध मिळाले त्यांच्यापुरते पाहिले, तर मृत्यू ७.३ टक्के विरुद्ध २०.३ टक्के असा मोठा फरक दिसला. सुरुवातीला गटात घेतलेल्या साऱ्यांना धरले, तेव्हा तो योगायोगानेही आला असेल इतका अशक्त ठरला. हे औषध खरेच निम्मे मृत्यू टाळत असेल, तर ते प्रत्येक तालुक्यात फुकट मिळाले पाहिजे. टाळत नसेल, तर कुणी त्यासाठी दागिने मोडता कामा नयेत. दोन हजार रुग्णांच्या चाचणीत हा निकाल लागेल. विकणाऱ्याला ती करायची निकड नाही, कारण औषध विकले जातेच आहे. मग ती लोकांच्या पैशातून, लोकांसाठी व्हायला हवी. ती दहा वर्षांत झाली नाही, हे मला अक्षम्य वाटते.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा की गरिबांना गिनिपिग करू नका. हा आक्षेप हवेतला नाही. औषध कंपन्यांच्या चाचण्यांत आपल्या देशात गैरप्रकार झाले, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घातले, काही चाचण्यांत संमतीचे दृक्-श्राव्य चित्रण सक्तीचे झाले, आणि २०१९ मध्ये नवे नियम आले. चाचणीला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीत निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे हवेत, एक तरी सामान्य नागरिक हवा, असे ते नियम सांगतात. हे सगळे राहायलाच हवे. पण मी ज्या चाचण्यांविषयी बोलतो आहे त्यांत कुठलेही नवे रसायन नाही. आज एकाच रुग्णालयात सोमवारच्या युनिटमध्ये तीन बाटल्या सलाईन मिळते आणि मंगळवारच्या युनिटमध्ये एक बाटली आणि लवकर नॉरॲड्रेनॅलिन. रुग्णाच्या वाट्याला काय येते, ते तो कोणत्या वारी आजारी पडला त्यावर ठरते. त्याला कुणी विचारलेले नसते, कुणी नोंद ठेवत नाही, कुणी निकाल पाहत नाही. तोच फरक उघड करून, नातेवाइकांना सांगून, स्वतंत्र समितीच्या देखरेखीखाली आणला तर रुग्णाचे संरक्षण वाढते.

संमतीचा खरा पेच वेळेचा आहे. रुग्ण शुद्धीवर नाही, मुलगा केस पेपर काढायच्या रांगेत आहे, बायकोला बारा पानांचा इंग्रजी-मराठी अर्ज वाचता येत नाही. त्या क्षणी घेतलेली सही ही संमती नव्हेच. आफ्रिकेतल्या त्या मुलांच्या चाचणीत आणि ब्रिटनमधल्या ॲड्रेनॅलिनच्या चाचणीत आणीबाणी ओसरल्यावर सविस्तर संमती घेण्याची पद्धत होती. आपल्याकडेही आधी दोन वाक्यांत तोंडी माहिती आणि नकार द्यायची मुभा, मग चोवीस तासांत शांतपणे मराठीत, गोंडी किंवा भिलीत सविस्तर बोलणे आणि तेव्हाही बाहेर पडायची मोकळीक, अशी रीत नीतिसमित्यांनी स्पष्ट आखून द्यायला हवी. इजा झाली तर उपचार आणि भरपाई शासनाची.

दुसरा आक्षेप मला जास्त जवळचा वाटतो: आधी खाटा द्या, सिस्टर द्या, औषधे द्या, मग संशोधन. पहिल्या तासात अँटिबायोटिक द्यायला चाचणी लागत नाही, हे खरेच. ते का चुकते हेही सगळ्यांना ठाऊक आहे. औषध साठ्यात नाही म्हणून बाहेरची चिठ्ठी लिहिली जाते. नातेवाईक ते घेऊन येईपर्यंत तास जातो. आलेले औषध ‘ताबडतोब’ असे न लिहिल्यामुळे दुपारी दोनच्या फेरीत दिले जाते. ब्लड कल्चर (रक्तातला जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) आधी घ्यायचे म्हणून औषध थांबते, आणि कल्चरच्या बाटलीत ८ ते १० मिलिलिटर हवे तिथे घाईत दोन-तीन मिलिलिटर रक्त जाते. एवढ्याशा रक्तात जंतू सापडत नाही. कातडीला लावलेले जंतुनाशक वाळायच्या आत सुई टोचली तर कातडीवरचेच जंतू बाटलीत उगवतात आणि रुग्णाला नको ते औषध सुरू होते. नॉरॲड्रेनॅलिन मानेतली नळी पडेपर्यंत थांबवले जाते. वास्तविक कोपराच्या खोबणीतल्या किंवा त्याच्या वरच्या चांगल्या शिरेतून ते थोड्या वेळासाठी देता येते. सिस्टरने दर थोड्या वेळाने ती जागा पांढरी पडली किंवा फुगली का ते पाहायचे एवढेच. ही सुधारणा उद्या सुरू करावी. तिच्यासाठी पहिला डोस दारात घड्याळ पाहून लिहायचा, अपघात विभागाच्या ट्रॉलीत चार अँटिबायोटिक कायम भरलेली ठेवायची आणि ती संपण्याआधी मागवायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर हवी.

पण खाटा वाढल्या आणि त्यांवर चुकीचे उपचार नीट पोचले, तर लुसाकासारखेच होईल. दोन्ही कामे एकदम करावी लागतील, आणि ती होतात हे या मातीत सिद्ध झालेले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ गावांत नवजात बाळांच्या सेप्सिसवर घरीच उपचार करायला गावातल्या बायकांना शिकवले: लक्षणे ओळखणे, जेंटामायसिनचे इंजेक्शन, तोंडाने को-ट्रायमॉक्सॅझोल. आईबाप बाळाला रुग्णालयात नेत नव्हते, म्हणून उपचार घरात गेले. १९९९ मध्ये निकाल आला: सेप्सिस झालेल्या बाळांतले मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर. ओडिशात ४,५५६ नवजात बाळांच्या चाचणीत एका गटाला आठवडाभर उपयुक्त जिवाणूंचे मिश्रण तोंडाने दिले, तेव्हा सेप्सिस किंवा मृत्यूचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये करोनाच्या ऐन लाटेत ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा तपासला आणि तो उपयोगी नसल्याचे ऑक्टोबरपर्यंत छापून मोकळी झाली. सरकारी सूचनांतून प्लाझ्मा निघायला मात्र मे २०२१ उजाडला. तोवर दुसऱ्या लाटेत लोक रात्रीबेरात्री दाते शोधत फिरत होते. पुरावा तयार करणारे आणि सूचना काढणारे यांच्यातले हे अंतर बुजवणे हेही शासनाचेच काम.

ब्रिटनने त्याच काळात करोनावर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड उपयोगी आहे का हा प्रश्न मार्च ते जून २०२० एवढ्या अवधीत सोडवला. त्यामागची युक्ती साधी होती. फार थोडी माहिती मागायची, संगणकाने गट ठरवायचा, २८ दिवसांनी जिवंत की मृत एवढे पाहायचे, आणि हे सरकारी रुग्णालयांतल्या नेहमीच्या डॉक्टरांकडूनच करून घ्यायचे.

आपल्याकडे यासाठी लागणारी माणसे आजही आहेत, फक्त त्यांचे कष्ट विखुरले आहेत. एमडी करणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टरला शोधप्रबंध लिहावाच लागतो. एका कॉलेजात साठ रुग्ण, दुसऱ्यात शंभर, विषय वेगळे, मोजमापे वेगळी. प्रबंध बांधून कपाटात जातो. सलाईनच्या मात्रेबद्दल साठ रुग्णांतून काहीही ठरत नाही, कारण एवढ्यात मृत्यूंचा फरक नशिबानेही इकडचा तिकडे होतो. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने मेडिसिन, भूलशास्त्र आणि आपत्कालीन वैद्यक या विषयांसाठी एकच सामाईक चाचणी आखावी, प्रत्येक निवासीने आपल्या कॉलेजातले रुग्ण तीत घालावेत आणि आपल्या प्रबंधात तिचा एक भाग लिहावा. मान्यता असलेल्या औषधांची अशी शैक्षणिक चाचणी आजच्या नियमांतही नीतिसमितीच्या परवानगीने आणि नोंदणी करून करता येते. मार्गदर्शक प्राध्यापकांची स्वतःच्या नावाची निबंधसंख्या कमी होईल ही तक्रार येईल. पदोन्नतीच्या नियमांत अशा सामाईक कामाला स्वतंत्र गुण दिले की ती निवळेल.

पहिला प्रश्न कोणता घ्यावा, तेही स्पष्ट आहे. सेप्टिक शॉकमध्ये आलेल्या प्रौढ रुग्णाला एका गटात किलोमागे ३० मिलिलिटर. दुसऱ्या गटात एकेका वेळी २५० मिलिलिटर, दर अर्ध्या तासाला बोटाची तपासणी आणि लवकर नॉरॲड्रेनॅलिन. बोटाची तपासणी म्हणजे तर्जनीच्या टोकावर काचेची पट्टी रंग जाईपर्यंत दाबायची, दहा सेकंद धरायची, सोडायची आणि रंग परत यायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजायचे. तीन सेकंदांपेक्षा जास्त म्हणजे रक्ताभिसरण अजून मंद. दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांत ४२४ रुग्णांवर ही तपासणी लॅक्टेटच्या तोडीची ठरते का ते पाहिले, निष्कर्ष २०१९ मध्ये आले. तिच्या गटात ३४.९ टक्के मृत्यू झाले, लॅक्टेटच्या गटात ४३.४ टक्के, फरक काटेकोर कसोटीला थोडक्यात उतरला नाही, पण ती तपासणी वाईट तर नक्कीच ठरली नाही. लॅक्टेटचे यंत्र ग्रामीण रुग्णालयात नसते, काचेची पट्टी असते. बोट गार असेल, उजेड कमी असेल, कातडी सावळी असेल तर ही तपासणी चुकू शकते, म्हणून टॉर्च हवा आणि मोजणाऱ्याला आधी अर्धा दिवस सराव हवा.

मृत्यू ४० टक्क्यांवरून ३५ वर आणण्याइतका फरक खात्रीने ओळखायचा तर दोन्ही गट मिळून सुमारे चार हजार रुग्ण लागतात. वीस कॉलेजांनी आठवड्याला दोन-दोन रुग्ण घेतले तर वर्षाला दोन हजारांहून थोडे जास्त होतात. म्हणजे प्रबंधाची मुदत भरत आलेली असताना निकाल हाती असेल.